पाच आणे

भात कापून खळी उरकली, की आमचा हंगाम सुरू होतो. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात साधारण डिसेंबरपासून. उभ्या पिकात मोजणी होत नाही, आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात तर शेताची मेरसुद्धा दिसत नाही. (मेर म्हणजे बांध. आमच्याकडं भाताच्या खाचराला बांध नसतो, मेर असते.) तेव्हा वर्षातले सहा महिने माझ्या कमाईचे आणि सहा महिने बायकोच्या शिलाई मशीनचे, असा आमच्या घरचा हिशेब.

मी लायसन सर्व्हेअर आहे. कानडीत 'परवानगी भूमापक'. कर्नाटकात सर्व्हे नंबरातला तुकडा विकायचा असेल तर आधी त्या तुकड्याचा नकाशा काढावा लागतो. त्याला 'इलेव्हन-ई स्केच' म्हणतात. ते नसेल तर खरेदी नोंदवून घेत नाहीत. पोडी म्हणजे पोटहिस्से पाडायचे, शेतजमीन बिगरशेती करायची, तरी तेच. एवढ्या फायली उरकायला सरकारी सर्व्हेअर पुरत नव्हते, म्हणून सरकारनं परीक्षा घेऊन, ट्रेनिंग देऊन आमच्यासारख्यांना परवाने दिले. शेतकरी कचेरीत अर्ज देतो, फी भरतो. अर्ज सॉफ्टवेअरमधून आमच्यापैकी कुणाच्या तरी नावावर पडतो. आम्ही नोटीस काढायची, जागेवर जायचं, मोजायचं, लगतदारांचे जबाब घ्यायचे, नकाशा काढून अपलोड करायचा. सुपरवायझरनं पास केला की त्या फाईलचे पैसे. रिजेक्ट झाला तर पुन्हा जागेवर, पेट्रोल आपलं.

पगार नाही, पीएफ नाही, रजा नाही. टोटल स्टेशन, म्हणजे अंतर आणि कोन मोजायचं मशीन, कर्जानं घेतलेलं. प्रिझमचा दांडा धरायला दोन पोरं लागतात, त्यांची हजेरी मी देतो. मात्र नकाशा जातो तो सरकारी म्हणूनच.

त्या सॉफ्टवेअरचं नाव 'मोजिनी'. आमच्या मोजणीचाच तो कानडी अवतार. भाषेवरून इतकी डोकी फुटली या जिल्ह्यात, पण जमिनीच्या दप्तरात दोन्ही भाषा एकाच ताटात जेवतात. उतारा, आकारबंद, टिपण, हिस्सा, खराब हे शब्द कानडी कारकुनाच्या तोंडी जसेच्या तसे आहेत. 1956 पर्यंत बेळगाव मुंबई राज्यात होतं, त्यामुळं जुनं दप्तर मराठीत, आणि त्यातलं बरंचसं मोडीत. नवं सगळं कानडीत. नोटीस कानडीत निघते. ती मी मेरेवर उभा राहून मराठीत वाचून दाखवतो. म्हातारा मान डोलावतो आणि खाली अंगठा उठवतो. परवान्याच्या अटींत भाषांतर कुठं लिहिलेलं नाही, पण निम्मं काम तेच.

बाहेरगावचा पाहुणा आला आणि मी काय करतो ते कळलं, की तो एक विनोद हमखास करतो. सीमाभागातला माणूस हद्दी मोजतो म्हणजे मग ती मोठी हद्द कधी मोजणार? त्याला मी सांगतो, ती फाईल 2004 पासून सुप्रीम कोर्टात आहे आणि माझ्या नावावर पडलेली नाही.

शेतात मात्र मी सायब. "सर्व्हेवाले सायब आलेत बगा" म्हणत पोरं पुढं पळतात. कुणीतरी घरातली एकुलती एक प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन शेतात येतं. मी बसत नाही, पण खुर्ची माझ्या मागं मागं फिरत राहते. संध्याकाळी कचेरीत गेलो की तोच मी जिन्याजवळच्या बाकड्यावर बसलेला असतो. आत खुर्ची आहे, पण ती आमच्यासाठी नाही.

अर्थात आत बसलेल्यांतही सरकारी किती, हा प्रश्नच आहे. कॉम्प्युटरवर बसलेली मुलगी एजन्सीची. जीपचा ड्रायव्हर कंत्राटी. झाडूवाली रोजंदारीवर. शेजारच्या शाळेत शिकवणारा अतिथी शिक्षक, म्हणजे दरवर्षी नव्यानं पाहुणा. तालुक्याच्या आवारात उभं राहून खडा मारला तर पक्क्या नोकरीतल्या माणसाला लागेल याची खात्री नाही. त्यांच्या आणि माझ्यात फरक एवढाच, की त्यांना महिना झाला की थोडे का होईना पैसे मिळतात आणि मला फाईलमागं मिळतात. मला बरीच वर्षं हा फरक हिशेबाचा वाटत होता.

माझं पहिलं शिक्षण साखळीवर झालं. लोखंडी साखळी, 33 फूट लांब. तिचे सोळा आणे, म्हणजे एक आणा दोन फूट पाऊण इंचाचा. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे गुंठा, 1089 चौरस फूट. असे चाळीस गुंठे झाले की एकर. इतका सुबक हिशेब मी दुसऱ्या कुठल्याच मापात पाहिला नाही. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी 1830 च्या दशकात इंदापूरपासून मुंबई इलाख्याची मोजणी सुरू केली, आणि तीच पद्धत पुढं ते ज्याला दक्षिण मराठा मुलूख म्हणत त्या आमच्या भागात आली. आजही आमच्या हातात पडतात ती टिपणं, म्हणजे मोजणीची जुनी नोंदपत्रं, त्याच वळणाची. मधे एक रेघ, रेघेवर साखळ्या आणि आणे, दोन्ही बाजूंना कोपरे.

माझ्या गुरूंनी, एका निवृत्त सर्व्हेअरनी, पहिल्या दिवशी मला साखळी मोजायला लावली. जमीन नाही, साखळीच. रोज ओढून ओढून तिच्या कड्या उघडतात आणि ती लांब होते. कड्यांत चिखल अडकला की आखूड होते. एका साखळीत एक इंचाची चूक धरली, तर दहा साखळ्या लांब आणि दहा साखळ्या रुंद शेतात अर्ध्या गुंठ्याचा फरक पडतो. "अर्धा गुंठा म्हणजे काय रे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "साडेपाचशे चौरस फूट." ते म्हणाले, "अर्धा गुंठा म्हणजे दोन भावांचं एका ताटात जेवणं बंद." तेव्हा मला ते पुस्तकी वाटलं होतं. (त्यांना सरकारी पेन्शन होती, हे आता आठवतं.)

2009 सालची गोष्ट. परवाना नवा, अंगात जोर. गाव सांगत नाही. मलप्रभेच्या अलीकडं, जंगलाच्या कडेचं, तीस-चाळीस उंबऱ्यांचं. आज्यांच्या वेळी फाळणी होऊन एका नंबराचे दोन हिस्से पडलेले. एक हिस्सा थोरल्या घराकडं, एक धाकट्या घराकडं. थोरल्या घरच्या कर्त्याला, त्याला आपण थोरला म्हणू, मुलीच्या लग्नासाठी हिश्श्यातला वरचा तुकडा विकायचा होता. त्यासाठी इलेव्हन-ई. धाकटा, म्हणजे त्याचा चुलतभाऊ, गोव्याला कामाला. या भागातली निम्मी तरणी माणसं गोव्यालाच असतात. त्याच्या नावची नोटीस त्याच्या आईनं अंगठा उठवून घेतली.

त्या दिवशी माझ्या दोन फायली होत्या. दुसरी बारा-तेरा किलोमीटरवर, आणि तिथल्या लगतदारांना दुपारी दोनची वेळ दिलेली.

टिपणात दोन्ही हिश्श्यांमधला दगड नाल्याच्या कोपऱ्यापासून 4 साखळ्या 7 आण्यांवर दाखवला होता. दगड जागेवर होता. चांगला गुडघाभर, कोरीव, शेंदूर फासलेला, पुढ्यात नारळाच्या करवंट्या. हद्दीच्या दगडाला देव करून टाकणं आमच्याकडं नवं नाही. माणूस तलाठ्याला भीत नाही, पण म्हसोबाला भितो, आणि त्यामुळं दगड टिकतो. मोजलं तर तो भरला 4 साखळ्या 12 आण्यांवर. पाच आणे जास्त.

आमच्या धंद्यात एक नियम आहे आणि तो चांगला आहे. जागेवर मूळची खूण शाबूत असेल तर कागदावरच्या आकड्यापेक्षा खूण खरी. आकडा लिहिणाऱ्याचा हात चुकू शकतो, शाई पसरू शकते, नक्कल करणारा कारकून डुलकी घेऊ शकतो. दगड चालत नाही. मी थोरल्याला विचारलं, "हा दगड पूर्वीपासून हितंच काय?" तो म्हणाला, "मी जल्मल्यापासनं हितंच." खोटं बोलला नाही तो. आणखी दोघा बाप्यांना विचारलं, त्यांनीही होय म्हटलं. पंचनामा झाला. धाकट्याच्या आईनं सगळ्यांना गुळाचा काळा चहा आणून दिला. तिनं कप खाली ठेवले आणि पदर डोक्यावर घेऊन ती मेरेच्या पलीकडं जरा लांब बसली, माणसं काय बोलतात ते ऐकत. मी घड्याळ बघितलं. पावणेएक.

तिला मी विचारलं नाही.

दगड धरून रेघ मारली. दुसरं टोक रस्त्याकडचं, ते वादातलं नव्हतं. मेर आठ साखळ्या लांब. एका टोकाला पाच आणे सरकले आणि दुसऱ्या टोकाला काहीच नाही, म्हणजे त्रिकोण. त्याचं क्षेत्र होतं बरोबर सव्वा गुंठा. नकाशा पास झाला. वरचा तुकडा विकला गेला, लग्न झालं. उरलेल्या जमिनीत मेरेलगत थोरल्यानं काजू लावले.

2020 च्या लॉकडाऊनात गोव्यातलं काम गेलं आणि धाकटा परत आला. रिकामा माणूस पहिल्यांदा आपली जमीन बघतो. त्यानं टिपणाची नक्कल काढली, दोरी घेऊन स्वतः मोजलं, आणि मग कोर्टात गेला. समन्स माझ्या घरी आलं तेव्हा मला ते गाव आठवेना. अकरा वर्षांत शेकडो फायली झाल्या होत्या. पाठीमागं माझी सही बघितली तेव्हा आधी अक्षर ओळखीचं वाटलं, मग शेंदूर आठवला.

कचेरीत गेलो. सरकारी वकील मिळेल काय विचारलं. तिथल्या माणसानं, वाईट नव्हता तो, मला बसायला सांगून समजावलं की तुम्ही स्वतंत्र आहात, तुमच्या मोजणीची जबाबदारी परवान्याच्या अटींप्रमाणं तुमची. स्वतंत्र हा शब्द इतक्या प्रेमानं मला आधी कुणी वापरला नव्हता.

पिंजऱ्यात उभं राहिल्यावर कोर्टाच्या कारकुनानं नाव, वय, गाव लिहून घेतलं आणि हुद्दा विचारला. मी म्हटलं, लायसन सर्व्हेअर. त्यानं वर बघितलं. मग धाकट्याचे वकील उठले.

"नीवु सरकारी नौकररे?"

"अल्ल." नाही.

"हागादरे यारु?" मग कोण?

उत्तर मला येत होतं, परवान्याचा नंबरही पाठ होता, तो सांगितला. पण सांगताना वाटलं, की हाच प्रश्न मी एवढी वर्षं दर बाकड्यावर बसून टाळत आलो. शेतकऱ्यानं सायब म्हटलं की मी त्याची चूक दुरुस्त करत नाही. कचेरीनं बाहेरचा म्हटलं की तिचीही करत नाही. दोन्हीकडं सोयीचं पडतं. खोटं कशाला बोला, सायबपणाचा फायदाही होतो. कुणी तांदळाची पिशवी गाडीला अडकवतं, कुणी कोंबडा कापतो. फाईलमागची फी इतकी तोकडी, की पिशवी परत करताना हात जड होतो. आमच्यातले काही पिशवीवर थांबत नाहीत हेही खरं. सगळे धुतल्या तांदळासारखे आहोत असं मी म्हणणार नाही. मी पैसे घेतले नाहीत, तांदूळ घेतले.

वकिलांनी टिपण माझ्या हातात दिलं आणि बाजूची ओळ वाचायला सांगितली. मोडी. 2009 साली मला मोडीतले आकडे लागायचे, मजकूर अडखळत लागायचा. मधल्या वर्षांत गरजेपोटी शिकलो होतो. वाचून दाखवली. त्या ओळीत विशेष काही नव्हतं, नाल्याचं आणि वाटेचं वर्णन होतं. पण 'गाडीवाट' हा शब्द मी पहिल्यांदा नीट बघितला. टिपणात वाट अरुंद, एका रेघेची. जागेवर मी उभा होतो ती वाट दोन बैलगाड्या सहज जातील एवढी रुंद होती. वाट रुंद झाली तर तिच्या कडेचा देव कुठं गेला असेल?

तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं ते मी कोर्टात बोललो नाही. विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. साक्ष संपली आणि मी घरी आलो.

घरी येऊन झोप लागेना. दुसऱ्या दिवशी मोटरसायकल काढून त्या गावात गेलो. कुठल्याही फाईलशिवाय, कुणी न बोलावता. धाकट्याच्या घरी गेलो तर तो बाहेर, आणि म्हातारी वळचणीला चिंचा फोडत बसलेली. मला ओळखलं तिनं. म्हटलं, "आई, म्हसोबा पूर्वीपासून तिथंच हाय काय?"

"न्हाई बा," ती म्हणाली, जणू मी हवापाणी विचारत होतो. "खाली हुता. आमच्या मामंजीनं गाडीवाट मोठी केली, तवा देव वर आणला. मी नवी नवरी. नारळ मीच फोडलेला."

"मग त्या दिवशी बोललात का न्हाई?"

चिंच फोडत ती म्हणाली, "तुमी इचारलंसा कुटं?"

मी खूप वेळ बसलो तिथं. तिनं पुन्हा काळा चहा केला. मला वाटतं, पगारी सर्व्हेअर असतो तर त्या दिवशीही मी असाच बसलो असतो. किंवा नसतोही, पगारी माणसांना घरी जायची घाई नसते असं कुठं आहे? पण माझी घाई वेगळी होती. त्या मेरेवर अर्धा तास जास्त काढला असता तर दुसऱ्या गावचे लगतदार निघून गेले असते, फाईल पुढच्या आठवड्यावर गेली असती, पोरांची हजेरी दुप्पट पडली असती. म्हातारीला एक प्रश्न विचारायची किंमत माझ्या खिशातून जाणार होती. फाईलमागं पैसे देणाऱ्याला फायली मिळतात. त्या दिवशी सरकारला दोन मिळाल्या.

मी धाकट्याच्या वकिलांना जाऊन सगळं सांगितलं. माझे वकील, ज्यांचे पैसे मी भरत होतो, कपाळाला हात लावून बसले. पुढं बरीच तारीख पे तारीख झाली, ती सांगण्यात राम नाही. शेवटी दोन्ही घरं तडजोडीला आली आणि फेरमोजणी ठरली, या वेळी सरकारी सर्व्हेअरकडून. त्यानं रोव्हर आणला होता. उपग्रहावरून मोजणारं यंत्र, दांड्यावर पांढरी छत्री असल्यासारखं दिसतं. मीही गेलो, प्रिझम धरणाऱ्या पोरासारखा बाजूला उभा. तो पोरगा माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, कोलारकडचा, मराठी कळत नव्हती. त्याला जुनं टिपण मी वाचून दाखवलं. 4 साखळ्या 7 आणे. तो मोबाईलवर मीटर करत होता. दगडापासून तीन मीटर चौदा सेंटीमीटर खाली त्यानं चुन्यानं खूण केली.

देव हलवायचा काय, असं कुणीतरी म्हटलं. म्हातारी म्हणाली, राहू दे, आता वर रमला. खुणेवर नवा सिमेंटचा दगड बसवला.

काजूची सात झाडं धाकट्याच्या हद्दीत गेली. थोरल्यानं लावलेली, अकरा वर्षं राखलेली, भर उत्पन्नातली. तडजोडीत झाडांबद्दल एक अक्षर नव्हतं. तडजोड लिहिताना मला कुणी विचारलं नव्हतं, आणि मीही तोंड उघडलं नव्हतं.

गेल्या एप्रिलात दुसऱ्या एका फाईलसाठी त्या वाटेनं गेलो. नव्या दगडाच्या अलीकडं थोरल्याची बायको काजूच्या बोंडांतून बिया पिरगळून टोपलीत टाकत होती. पलीकडं धाकट्याची बायको शेळ्या घेऊन उभी, पाठ करून. मी गाडी हळू केली. थोरलीनं मला ओळखलं, टोपली उचलली आणि पुढच्या झाडाखाली गेली. ते चौथं झाड होतं.